पेन्सिलीवर शाई चढवणारे हात

आज सुरुवातीलाच एक कोडं. असा कोणता चित्रकार आहे, जो बहुतेक वेळा चित्र स्वतः पहिल्यापासून काढत नाही, पण ज्याच्या हाताखालून गेल्याशिवाय ते चित्र वर्षानुवर्षं छापखान्यात पोचतच नव्हतं?

डोकं खाजवा... तोवर मी तुम्हाला एक पत्र वाचून दाखवतो. मीरा रोडला राहणाऱ्या, आठवीतल्या एका दोस्ताचं हे पत्र. तो लिहितो, ‘मला कॉमिक्स खूप आवडतात. पेन्सिलने मी चित्रं बरी काढतो, पण वरून काळं पेन फिरवलं की सगळा विचका होतो. एका जुन्या कॉमिकच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात “इंकिंग” असं लिहून पुढे नाव छापलं होतं. म्हणजे नुसती शाई फिरवायला वेगळा माणूस ठेवतात? मी आईला म्हटलं, मला हेच काम करायचंय. तर आई म्हणाली, गिरवून कुणाचं पोट भरतं का रे?’

आलं ना उत्तर लक्षात? आपल्या कोड्यातला माणूस म्हणजे इंकर. या पत्रात दोन प्रश्न आहेत, एक मुलाचा आणि एक आईचा. दोन्ही अगदी रास्त आहेत. म्हणून ‘काय व्हायचंय तुम्हाला?’ या आपल्या सदरात आज या इंकरचीच ओळख करून घेऊ. आईच्या प्रश्नालाही बगल द्यायची नाही, बरं का!

एक पान, चार-पाच माणसं

घरातलं कुठलंही कॉमिक उघडा आणि गोष्ट सुरू होण्याआधीची बारीक अक्षरं वाचा. ही अक्षरं आपण नेहमीच ओलांडून पुढे जातो. तिथे लेखकाचं नाव असतं, चित्रकाराचं असतं, आणि मोठ्या प्रकाशनांच्या कॉमिक्समध्ये चित्रकाराच्या कामाचेही तुकडे पाडलेले दिसतात.

आधी लेखक गोष्ट लिहितो. कुठल्या चौकटीत काय दिसावं, कोण काय बोलेल, हे तो सांगतो. मग पेन्सिलर येतो. तो पानाच्या चौकटी पाडतो, माणसं उभी करतो, लढाई, धावपळ, घरं, डोंगर सगळं पेन्सिलने काढतो. त्यानंतर येतो आपला इंकर. तो त्या पेन्सिलीवर काळ्या शाईने पक्कं चित्र करतो. शाई वाळली की पेन्सिल खोडरबराने पुसून टाकतात. शिवाय फुग्यांतली अक्षरं लिहिणारा एक आणि रंग भरणारा एक.

गंमत बघा, पेन्सिलरने काढलेली मूळ रेघ वाचकाला कधी दिसतच नाही! आपण जी पाहतो ती काळी रेघ इंकरच्या हातची असते.

पण शाई लागतेच कशाला?

आज मोबाइलने पेन्सिलचित्राचाही झकास फोटो निघतो, तेव्हा हा प्रश्न पडणारच. उत्तर जुन्या छापखान्यात आहे.

पूर्वी रेघांचं चित्र छापायचं, तर त्याचा खास कॅमेऱ्याने फोटो काढून त्यावरून जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक बनवत. पुढे ब्लॉकच्या जागी ऑफसेटची प्लेट आली. पण या रेघांच्या फोटोला दोनच गोष्टी कळत : काळं आणि पांढरं. पेन्सिलीची रेघ असते करडी. तिचं काय करायचं, हे त्याला उमगत नसे. मग रेघ कुठे तुटायची, कुठे गायब व्हायची. म्हणून चित्र कुळकुळीत काळ्या शाईत हवंच, असा छापखान्याचा नियम होता. त्या गरजेतून हे काम जन्माला आलं.

आणि ही शाई काही दौतीतली निळी शाई नव्हे हं! ती असते काजळीची शाई. आपल्याकडे पूर्वी बोरूने पोथ्या आणि बखरी लिहायच्या, तेव्हा दिव्याची काजळी आणि डिंक खलून शाई करत. ‘शाई’ हा शब्दही फारसीतल्या ‘सियाही’वरून आलेला, म्हणजे काळेपणा. अशा काजळीच्या शाईला इंग्रजीत ‘इंडिया इंक’ म्हणतात, पण ती आधी चीनमध्ये तयार झाली असं मानतात. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं! वॉटरप्रूफ शाई वाळल्यावर पाण्यानेही हलत नाही. त्यामुळे वरून रंग देता येतो. तोटा एकच. शाळेच्या गणवेशावर सांडली, तर डाग कायमचा आणि आईचा ओरडाही ठरलेला.

मग हे गिरवणंच झालं की!

नाही दोस्तांनो, इथेच खरी मेख आहे. परदेशातही इंकरला चिडवताना ‘गिरवणारा’ म्हणतात आणि तो मनापासून चिडतो. का चिडतो ते सांगतो.

तुमच्या चित्रकलेच्या वहीतलं एखादं पेन्सिलचित्र नीट निरखून बघा. हाताची कड काढताना तुम्ही एकच रेघ काढलेली नसते. पुसट, हलक्या अशा तीन-चार रेघा जवळजवळ असतात. डोळा त्यातली बरोबर कोणती ते आपसूक समजून घेतो. पण शाईला चार रेघा चालत नाहीत. चारांतली एकच निवडायची आणि ती कायमची! गाल एका केसाइतका बाहेर गेला, तरी चेहरा सुजलेला वाटतो. ओठाचा कोपरा जरा खाली आला, की हसणारा माणूस रडवा होतो. गिरवणाऱ्याला रेघ दिसली की पुरे. इंकरला ठरवावं लागतं. म्हणून ज्याला स्वतःला चांगलं चित्र काढता येत नाही, तो चांगला इंकर होऊच शकत नाही.

आता उत्तनच्या किनाऱ्यावर चला. मनानेच बरं का! किनाऱ्याला एक मोठी होडी लागली आहे. पुढे जाळं विणत बसलेले एक कोळीबाबा आहेत, मागे बांबूंवर बोंबील वाळत घातलेत आणि त्याच्यामागे समुद्र. पेन्सिलरने हे सगळं काढून दिलं आहे. आता इंकर काय काय ठरवतो ते पाहा.

पहिलं म्हणजे रेघेची जाडी. कोळीबाबा जवळ आहेत, म्हणून त्यांची कड जाड. होडी थोडी लांब, तिची रेघ मध्यम. समुद्रातल्या दूरच्या होड्या अगदी केसासारख्या बारीक. सगळीकडे एकच जाडी ठेवली, तर दूरची होडी कोळीबाबांच्या डोक्यावर ठेवल्यासारखी दिसेल! ऊन डावीकडून येत असेल, तर त्यांच्या डाव्या खांद्याची रेघ नाजूक आणि उजव्या खांद्याची भरदार.

दुसरं, वस्तूचा पोत. होडीचं लाकूड, ओलं जाळं, कोळीबाबांच्या कपाळावरच्या सुरकुत्या आणि लाटा, सगळ्यांना शाई तर एकच काळी. तरी लाकूड लाकडासारखं आणि पाणी पाण्यासारखं दिसलं पाहिजे. त्यासाठी लाकडाला लांब, थोड्या खरखरीत रेघा, पाण्याला वाहत्या, मध्येच तुटणाऱ्या रेघा, जाळ्याला बारीक गाठीगाठी. उभ्या-आडव्या रेघा एकमेकींवर टाकून करडी छटाही साधता येते.

तिसरं आणि सगळ्यांत अवघड, म्हणजे गडद काळ्या जागा. चौकटीत कुठे शाई भरून काळं करायचं? होडीच्या पोटाखालची सावली पूर्ण काळी केली, की होडीला एकदम वजन येतं, ती वाळूवर टेकते. नजर आधी कुठे जावी, हेही या काळ्या जागा ठरवतात. कोळीबाबांच्या मागचा भाग काळा आणि चेहरा मोकळा ठेवा. वाचकाची नजर सरळ चेहऱ्यावर!

पेन्सिलर यातलं काही सुचवून ठेवतो, काही इंकरवर सोडतो. म्हणूनच एकाच पेन्सिलरची पानं दोन इंकरना दिली, तर दोन वेगळी चित्रं तयार होतात.

पोस्टाने जुळलेली जोडी

हे खरं वाटत नसेल, तर अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. ‘फँटॅस्टिक फोर’ हे मार्व्हलचं कॉमिक १९६१ साली सुरू झालं. त्याची चित्रं जॅक कर्बी काढत. पेन्सिलीने ते झपाझप पानं काढत आणि त्यांच्या चित्रांत जोर भलताच. त्यांच्या पानांवर बऱ्याच जणांनी शाई चढवली. पण १९६५ पासून जो सिनॉट नावाचे इंकर या कॉमिकवर नेमाने काम करू लागले आणि कर्बींची चित्रं जशी काही धुऊनपुसून लख्ख झाली. यंत्रं चकाकू लागली, दगड दगडासारखे जड दिसू लागले. या जोडीचं काम आजही इंकिंग शिकणारे समोर ठेवून बघतात.

मजा म्हणजे सिनॉट आपल्या गावात, घरी बसून काम करत. पेन्सिलची पानं टपालाने येत, शाई चढवून टपालाने परत जात. वर्षानुवर्षं एकत्र काम चाललं होतं, पण दोघांची गाठभेट बरीच उशिरा झाली! नुसत्या रेघांवरून एकमेकांना ओळखत होते म्हणा ना.

हेच सिनॉट पुढे वर्तमानपत्रातल्या रविवारच्या स्पायडरमॅनच्या पट्टीवर शाई चढवत राहिले. ते काम त्यांनी थांबवलं २०१९ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी. २०२० साली ते गेले. एवढ्या वयापर्यंत हातातला ब्रश त्यांचं ऐकत होता, याचं तुम्हाला नवल वाटत नाही?

अर्थात सगळेच काही सिनॉट नसतात. काही इंकर घाईच्या वेळी मागची माणसं, खिडक्या, विटा सरळ खोडून टाकत आणि पान लवकर उरकत. पेन्सिलरने तासभर घालवून काढलेली गर्दी छापून येताना गायब! म्हणजे हे काम विश्वासाचंही आहे. दुसऱ्याची मेहनत तुमच्या हातात असते.

आपल्याकडची काळी रेघ

आता महाराष्ट्रात येऊ. ‘अमर चित्र कथा’ तुम्हाला ठाऊक आहेच. अनंत पै यांनी ती मुंबईत १९६७ साली सुरू केली. तिथे बहुतेक वेळा पेन्सिल आणि शाई दोन्ही एकाच चित्रकाराच्या हातची असे. राम वाईरकर हे त्यातलं मोठं नाव. ‘कृष्ण’ या गाजलेल्या अंकाची चित्रं त्यांचीच. आणि १९८३ साली ‘टिंकल’मध्ये सुप्पंदी आला, त्यालाही त्यांनीच रूप दिलं. सुप्पंदीच्या गोष्टी मुळात त्रिचीच्या एका वाचकाने पाठवल्या होत्या!

‘कृष्ण’ आणि सुप्पंदी ही दोन्ही शेजारी ठेवून बघा. ‘कृष्ण’मधली रेघ नितळ, मानाने चालणारी. दागिने, मोरपीस, वस्त्रांच्या चुण्या सगळं नीटस. सुप्पंदीची रेघ मात्र उड्या मारत जाते. लांब मान, लांब नाक आणि डोक्यावरचा तो केसांचा झुपका. माणूस एकच, पण देवासाठी रेघ वेगळी आणि गमत्यासाठी वेगळी. २००३ साली राम वाईरकर गेले. त्यानंतर सुप्पंदीचं काम त्यांच्याच घरात राहिलं. त्यांचे चिरंजीव संजीव वाईरकर आणि कन्या अर्चना आंबेरकर यांनी ते पुढे नेलं.

वेगळ्या इंकरची पद्धत बघायची, तर दिल्लीच्या राज कॉमिक्सचे अंक काढा. त्यांचा नागराज आला १९८६ साली. त्याला सुरुवातीच्या काळात लोकप्रिय करणाऱ्या चित्रकारांमध्ये आपल्या पुण्याचे प्रताप मुळीक होते. पुढे अनुपम सिन्हा यांनी पेन्सिलीने काढलेल्या अंकांवर इंकिंगसाठी विठ्ठल कांबळे, विनोद कुमार अशी नावं छापलेली दिसतात. त्या वेळी हिंदी मुलखात लाखो मुलं नागराज आणि ध्रुव यांच्या लढाया वाचत होती. त्यातल्या किती जणांनी ‘विठ्ठल कांबळे’ हे नाव थांबून वाचलं असेल? नागराजच्या अंगावरचे खवले मात्र सगळ्यांना आठवतात. एकेक खवला कुणीतरी शाईने काढला होता, दोस्तांनो!

टेबलावर काय असतं?

इंकरचं दुकान छोटंसं असतं. उतरतं टेबल, एक चांगला दिवा, वॉटरप्रूफ काळी शाई, टाक आणि निरनिराळी निबं, दोन-तीन बारीक टोकाचे ब्रश, पट्टी आणि चुकलं तर झाकायला पांढरा पोस्टर कलर. निब दाबलं की त्याची दोन टोकं फाकतात आणि रेघ जाड होते, दाब काढला की बारीक. ब्रशने तर एकाच फटकाऱ्यात केसापासून बोटापर्यंत जाडी मिळते, पण तो वश व्हायला फार दिवस लागतात. साध्या बॉलपेनने ही गंमत येत नाही. त्याची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखीच.

आपल्या पत्रलेखक मित्रा, तुझ्या चित्राचा ‘विचका’ होतो, त्याचं एक कारण हेच असावं. दुसरं कारण म्हणजे तू बहुतेक घाबरून, हळूहळू, तुकड्या-तुकड्याने रेघ ओढत असशील. मग ती थरथरते. लांब रेघ बोटांनी न ओढता कोपरापासून पूर्ण हात फिरवून ओढायची. कागद फिरवायलाही लाजायचं नाही. हाताला ज्या दिशेने रेघ सोपी जाते, त्या दिशेला कागद वळवायचा. आणि हाताखाली एक कोरा कागद ठेवायचा, म्हणजे घामाने चित्र खराब होत नाही.

आणखी एक युक्ती. कॉमिकचं मूळ पान छापील पानापेक्षा मोठं असतं. अमेरिकेत ते साधारण ११ बाय १७ इंचांचं असतं आणि छापताना लहान करतात. लहान झाल्यावर बारीकसारीक थरथर झाकली जाते. पण फार जवळजवळ मारलेल्या रेघा एकमेकींना चिकटून नुसता काळा डाग होतो. म्हणून इंकर सतत विचार करतो, की हे लहान झाल्यावर कसं दिसेल?

आणि वेळ? मासिक कॉमिकची वीस-बावीस पानं महिन्यात संपवायची म्हणजे जवळपास रोज एक पान. पेन्सिलरला उशीर झाला, की तो उशीर इंकरच्या अंगावर येतो. रात्रीचे दोन वाजले तरी पान पुरं करायचं आणि हात थरथरू द्यायचा नाही!

आता आईचा प्रश्न

गिरवून पोट भरतं का? पालकहो, हा भाग तुम्हीही वाचा.

खरं सांगायचं तर फक्त इंकिंग करून घर चालवणारी माणसं आपल्या देशात कधीच फार नव्हती, आणि आता तर आणखी कमी आहेत. या कामात बहुतेकदा पगार नसतो, पानामागे पैसे मिळतात. काम आहे तोवर पैसे. आपल्या आजी-आजोबांनी नाहीतर आईबाबांनी वेड्यासारखं वाचलेलं ‘इंद्रजाल कॉमिक्स’, तोच आपला वेताळ हो, १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. नंतर घरोघर केबल टीव्ही आला, मग संगणक आणि मोबाइल. कॉमिक्सचे ढीग कमी झाले.

शिवाय तंत्रही बदललं. आता बरेच चित्रकार काचेच्या पाटीवर, म्हणजे ग्राफिक टॅब्लेटवर चित्र काढतात. त्यावर पेन्सिलही तीच आणि शाईही तीच. चुकलं तर एका बोटाने मागे जाता येतं. त्यामुळे पुष्कळ जण आपल्या चित्रावर आपणच शाई चढवतात. स्कॅनरला करडी रेघही कळते, म्हणून काही ठिकाणी शाईचा टप्पाच गाळतात.

असं पहिल्यांदाच होतंय असं नाही. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट’साठी पेन्सिलचित्रं पारदर्शक पत्र्यांवर शाईने उतरवायला एक अख्खा विभाग होता आणि त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. हजारो चित्रं, प्रत्येक रेघ हाताची. पण १९६१ सालच्या ‘१०१ डाल्मेशियन्स’मध्ये स्टुडिओने झेरॉक्सच्या तंत्राने पेन्सिलचित्रं थेट त्या पत्र्यांवर उतरवली आणि शाईचं हातकाम पुष्कळसं संपलं. ठिपक्याठिपक्यांची इतकी कुत्री हाताने शाईत काढायची म्हणजे काय दिव्य, नाही का! स्टुडिओचा खर्च वाचला, पण अनेक जणींचं कसब एकाएकी बिनकामाचं ठरलं. हे विसरून चालणार नाही.

मग काय, हे शिकूच नये? मी तसं म्हणणार नाही. नुसतं ‘शाई फिरवणं’ एवढंच ज्याला येतं, त्याचं काम यंत्र घेऊ शकतं. पण चारांतली एक रेघ का निवडायची, काळं कुठे भरायचं, नजर कुठे न्यायची, हे ज्याला कळतं त्याचं काम हत्यार बदललं तरी राहतं. तो टाक सोडून टॅब्लेट हातात घेतो, बस्स. मुलांच्या पुस्तकांची चित्रं, पाठ्यपुस्तकं, जाहिरातींचे स्टोरीबोर्ड, ॲनिमेशनमध्ये कच्ची चित्रं स्वच्छ करण्याचं काम, व्हिडिओ गेमची चित्रं, या सगळ्यांत हीच नजर लागते. म्हणून आपल्या मित्राला माझा सल्ला असा : इंकिंग जरूर शीक, पण ते चित्रकलेच्या मोठ्या घरातली एक खोली आहे, हे ध्यानात ठेव. पेन्सिल, अक्षरलेखन, रंग, या खोल्यांच्या किल्ल्याही जवळ असू देत. आणि पालकहो, मुलाला एक शाईची बाटली आणून द्यायला फार खर्च येत नाही. हात बसतो की नाही, ते दोन वर्षांत आपोआप कळेल.

वाट कशी धरायची?

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा द्या. महाराष्ट्राचं कला संचालनालय त्या घेतं. वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांचा सराव इंकरच्या फार उपयोगी पडतो. बारावीनंतर बी.एफ.ए.ची पदवी घेता येते, त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईतलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. त्याच आवारात उपयोजित कला शिकवणारी संस्थाही आहे. जाहिरात, पुस्तकं, रेखाटनं यांकडे वळायचं असेल त्यांच्यासाठी ती वाट. भाईंदरहून लोकलने रोज जा-ये करणं ही कसरत खरी, पण ज्याच्या पिशवीत छोटी वही आहे, त्याला ती लोकल म्हणजे फुकटचा चित्रकलेचा वर्ग. झोपलेले काका, भाजी निवडणाऱ्या मावश्या, दाराशी लटकणारी गर्दी... इतके नमुने कुठल्या कॉलेजात मिळणार?

करून बघा!

आता वाचणं पुरे. हा गृहपाठ तीन भागांत आहे.

एक : शाईच्या बाटलीत ब्रश बुडवून कागदावर वीतभर लांबीच्या रेघा ओढा. सुरुवातीला बारीक, मध्ये जाड, शेवटी पुन्हा बारीक. रोज पन्नास, एक महिना. कंटाळा येईल. येऊ दे.

दोन : भाईंदरची मिठागरं रेल्वेतून तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. मिठाच्या पांढऱ्या राशी, भोवती पाणी, मागे तिवरांची झाडी. आता सांगा, पांढऱ्या कागदावर पांढरं मीठ कसं दाखवाल? रास काळ्या रेघांनी भरू नका. रास जवळपास कोरीच सोडा. मागची तिवरं गडद करा, रशीचा खालचा काठ आणि पाण्यातली सावली काळी करा. मग बघा, मीठ कसं चमकतं ते! न काढलेलं चित्र कसं दिसतं, हे तुम्हाला यातून कळेल. जमलं, तर तेच चित्र रात्रीचं करून बघा.

तीन : हा भाग एकट्याने करायचा नाही. घोडबंदरचा किल्ला, खाडीवरचा रेल्वेपूल, किंवा तुमच्या इमारतीचा जिना, काहीही विषय घ्या. तुम्ही पेन्सिलने चित्र काढा आणि मित्राला नाहीतर मैत्रिणीला द्या. तिचं चित्र तुम्ही घ्या. आता एकमेकांच्या पेन्सिलीवर शाई चढवा. आधी दोघांच्याही चित्रांची झेरॉक्स काढून ठेवा म्हणजे भांडण नको. शाई करताना तिने खिडकीला सात गज काढले असतील, तर सातच गज हवेत, पाच नव्हेत! तिला काय दाखवायचं होतं ते न समजल्यास विचारा. आणि तुमचं चित्र तिच्या हातून परत येईल, तेव्हा ‘माझं असं नव्हतं’ म्हणून लगेच फुरंगटू नका. आधी नीट बघा. कदाचित तुम्हाला न सुचलेलं काहीतरी तिला सुचलं असेल.

चित्र पुरं झालं, शाई वाळली, पेन्सिल पुसली, की खाली एका कोपऱ्यात दोन नावं लिहा. एकापुढे ‘पेन्सिल’ आणि दुसऱ्यापुढे ‘शाई’. अक्षर बारीक चालेल, पण दोन्ही नावं सारख्याच आकाराची हवीत. आणि आमच्याकडे पाठवायला विसरू नका. चांगली चित्रं आपल्या पानावर छापू, अर्थात दोन्ही नावांसकट!

पुढच्या आठवड्यात भेटू लोकलच्या मोटरमनला. तोवर, बोटं काळी होऊ देत!